शेततळ्यातले रोहू-कटला धुरावर सुकवतोय, काळे पडतात, कडू लागतात आणि आठवड्यात बुरशी. भट्टी कशी सुधारायची?

खानापुरी_तळं यांनी विचारलं:

नमस्कार मंडळी. आमची खानापूर तालुक्यात (बेळगाव जिल्हा) दोन तळी हायत, एक कृषी होंडाचं (सरकारी योजनेतलं शेततळं) आणि एक आम्हीच जेसीबी लावून काढलेलं. जुलै-ऑगस्टला बोटुकली सोडतो, रोहू कटला आणि थोडा सायप्रिनस (कॉमन कार्प). अडचण अशी की एप्रिल आला की पाणी तळाला जातं, मग सगळे मासे एकदमच काढावे लागतात आणि आजूबाजूचे सगळे तळंवाले तेव्हाच काढतात, त्यामुळं व्यापारी काय म्हणेल तो भाव. वर बर्फाचे पैसे कापून घेतो आणि लहान मासा बाजूला काढून "हे कोण घेणार" म्हणतो.

म्हणून घरच्यांनी काढलं की थोडे धुरावर सुकवून ठेवूया. २०० लिटरचा ड्रम, खाली जाळ, वर कोंबड्याची जाळी, त्यावर मासे. वरून काळेकुट्ट होतात पण काट्याजवळ कच्चेच राहतात, खाताना जिभेला कडू आणि किंचित चरचरतं, आणि पिशवीत भरून ठेवले की आठवड्यात पांढरी बुरशी. लाकूड म्हणाल तर जे मिळेल ते, सॉ मिलचा भुसा, काजूच्या फॅक्टरीतली टरफलं फुकट मिळतात ती पण टाकतो.

मोठी मशीन घ्यायची ऐपत नाही. एका वेळेला ३०-४० किलो व्हावं एवढंच. ज्यांनी केलंय त्यांनी नीट सांगा की, यूट्यूबवर सगळे साल्मन मासाच दाखवूलालेत.

---

चंदगडी_गडी:

पहिलं काम, ती काजूची टरफलं आजपासून बंद करा!! त्यातलं तेल अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते हे आपल्याकडं काजू फोडणाऱ्या बायकांना विचारा, हाताला राख नाहीतर तेल चोपडून बसतात त्या. तेच तेल धुरातून माशावर बसतं. जिभेला चरचरतंय ते त्याचंच असणार, दुसरं काही नाही. फुकट आहे म्हणून काय काहीही जाळायचं का.

सॉ मिलचा भुसा पण बघून घ्या. त्यात प्लायवूडचा भुसा मिसळलेला असतो, डिंक केमिकल सगळं आलं. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड चीडचं असतं त्याला राळ, काळं आणि कडू करणारं तेच. निलगिरी नको, कडुनिंब नको, रंग दिलेल्या चौकटी तर अजिबात नकोत. बाभूळ, जांभूळ, आंबा, फणस असलं टणक लाकूड वाळलेलं घ्या आणि वरून नारळाची सोडणं. सोडणं जरा ओलसर करून निखाऱ्यावर टाकली की जाळ न होता नुसता धूर येतो, तोच पाहिजे. मक्याची कणसं (दाणे काढलेली) पण चालतात, आमच्याकडं तीच जास्त. कोणी चिपाड सांगेल, गुऱ्हाळाच्या चुलाणाला ते भारी, पण इथं भस्सकन पेटतं आणि मासा भाजून निघतो.

आणि ड्रम कशाचा होता ते सांगा. केमिकलचा असेल तर भंगारात घाला.

---

घटप्रभा_आक्का:

आम्ही हिडकलच्या बाजूला, बचत गटाच्या आठ-दहा जणी मिळून करतो. लाकडाचं वर सांगितलंय ते बरोबर आहे पण मला वाटतं खरी गोष्ट अजून कोणी विचारलीच नाही. तुम्हाला नक्की कुठला माल करायचाय? कारण दोन प्रकार आहेत आणि दोन्ही एकदम होत नाहीत.

एक म्हणजे मऊ. शिजलेला, रसदार, सोनेरी. हा चवीला एक नंबर पण टिकत नाही, फ्रीजमध्ये थोडे दिवस नाहीतर डीप फ्रीजरला. दुसरा म्हणजे कडक, दोन-दोन दिवस मंद आचेवर ठेवून पार पाणी काढलेला, खाऱ्या बांगड्यासारखा कोरडा, मोडला तर कट्ट आवाज यायला पाहिजे. हा महिनोन् महिने राहतो. तुमचा मासा मऊ प्रकारचा झालाय आणि तुम्ही तो कडक असल्यासारखा पिशवीत बाहेर ठेवलाय, म्हणून बुरशी. लोकांना वाटतं धुरानं मासा टिकतो. धूर थोडीफार मदत करतो हो, पण टिकवतं ते मीठ आणि सुकवणं, धुराचं मुख्य काम रंग आणि वास.

आता आम्ही कसं करतो ते सांगते, लांबलंय जरा.

काढायच्या आदल्या दिवसापासून खाद्य बंद, पोट रिकामं पाहिजे. जमत असेल तर दोन-तीन दिवस स्वच्छ वाहत्या पाण्याच्या टाकीत ठेवा, आपल्या तळ्याच्या माशाला जो मातकट वास येतो तो बराच जातो. काढल्यावर लगेच बर्फ, उन्हात ढीग घालून गप्पा मारत बसायचं नाही (आमच्याकडं हे सांगून सांगून थकले). खवले, कल्ले, आतडी काढायची आणि पोटाच्या आतून जे काळं पातळ कातडं असतं ना ते ब्रशनं खरवडून काढायचं, ते राहिलं की कडवट लागतं. मणक्याला चिकटलेलं रक्त नखानं काढायचं. मग पाठीकडून चिरून पोट जोडलेलं ठेवून उघडायचा. एक किलोच्या वरचा कटला असेल तर उघडून भागत नाही, तुकडे करा, नाहीतर काट्याजवळ कच्चा राहणारच.

मिठाचं पाणी: एक लिटर पाण्याला साधारण २६०-२७० ग्रॅम जाडं मीठ. उघडलेला अर्धा किलोचा मासा अर्धा तास, लहान असेल तर कमी. किती मासे आणि किती पाणी हे दरवेळी सारखं ठेवा नाहीतर एक घाणा खारट एक घाणा अळणी. ते पाणी दुसऱ्या दिवशी परत वापरायचं नाही.

नंतर जे सगळे सोडतात तेच महत्त्वाचं. मिठातून काढून साध्या पाण्यात एकदा बुडवायचा आणि सावलीत वाऱ्याला जाळीवर ठेवायचा, मच्छरदाणी टाकून, वरचं पाणी जाऊन अंगावर चकचकीत पापुद्रा येईपर्यंत. बोट लावलं तर किंचित चिकट लागतं पण ओलं नाही. ओल्या माशावर धूर सोडला की काजळी बसते, तुमचे काळे पडतात त्यातलं निम्मं कारण हेच.

आच तीन टप्प्यात. सुरुवातीला ३० अंशाच्या आसपास अर्धा-पाऊण तास, सगळ्या फटी उघड्या, नुसतं सुकू दे. मग ५० ला तेवढाच वेळ आणि धूर जास्त. मग ८० पर्यंत न्यायचं. एकदम मोठा जाळ केला की वरचं कातडं कडक होतं, आतलं पाणी अडकतं, मग बाहेरून जळका आणि आतून कच्चा. किचनचा सुईवाला थर्मामीटर मिळतो काही शे रुपयात, तो डोक्याच्या मागं सगळ्यात जाड भागात टोचायचा, आत ६३ अंश किमान अर्धा तास राहिले पाहिजेत. अंदाजानं चालत नाही, मी वीस वर्षं स्वयंपाक केलाय तरी इथं थर्मामीटरच.

आणि गरम गरम पिशवीत कधीच भरायचं नाही. आत घाम सुटतो, बुरशीला तेवढंच पुरे. रात्रभर जाळीवर गार होऊ दे.

---

खानापुरी_तळं:

आक्का एवढं कोणी सांगितलं नव्हतं, सेव्ह करून ठेवलं. होय ओ, गरमच भरत होतो. ड्रम रंगाचा होता, जाळून घेतला होता पण आता नको म्हणतोय मी पण. मग भट्टी कशाची करू? विटांची?

---

चंदगडी_गडी:

विटांचीच. तुम्ही खानापूरला राहता आणि विटा विचारता 😄 कौलं विटा कुंभारकाम सगळं तिथंच, बाहेरून लोक नेतात.

घानामध्ये अक्रा शहराच्या शेजारी चोरकोर म्हणून मच्छीमार वस्ती आहे, तिथल्या बायकांबरोबर बसून १९७० च्या आसपास एक भट्टी बनवली गेली, तिचं नाव चोरकोरच पडलं, आख्ख्या आफ्रिकेत पसरली. काही रॉकेट सायन्स नाही. कमरेच्या खाली येईल एवढी चौकोनी भिंत माती-विटांची, समोर जाळ घालायला तोंड, वर लाकडी चौकटीचे जाळीवाले ट्रे एकावर एक. ट्रेच्या चौकटीच एकमेकावर बसून धुराडं बनवतात, ही खरी अक्कल. वेगळं चेंबर नको, धूर बाजूनं जात नाही, लाकूड कमी लागतं. मूळची जोड भट्टी असते, लांबी रुंदीच्या दुप्पट, दोन तोंडं. तुम्हाला ३०-४० किलोला एकच खण पुरे, साडेतीन फूट बाय साडेतीन फूट, उंची दोन फूट. ट्रेची चौकट भिंतीच्या मधोमध बसली पाहिजे, आत सरकली तर लाकूड जळतं, बाहेर गेली तर धूर गळतो. दर थोड्या वेळानं खालचा ट्रे वर, वरचा खाली. शेवटच्या ट्रेवर प्लायवूड झाकण नको, पत्रा नाहीतर गोणपाट.

जाळी मात्र स्टीलची घ्या, कोंबड्याची जाळी जस्ताची असते, धुराच्या आंबटपणानं आणि मिठानं तिचं पांढरं सुटतं ते माशाला लागतं. महाग पडते, एकदाच घ्यायची.

---

गोवा_लाईन:

मी बेळगावहून चोर्ला मार्गे गोव्याला माल पोचवतो, हॉटेलवाल्यांशी रोज संबंध. चोरकोर चांगली पण तिच्यात एक खोट आहे, मासा थेट जाळावर असतो. माशाची चरबी निखाऱ्यावर टपकली की जो धूर उठतो त्यात बेंझोपायरीन सारखे कॅन्सरवाले पदार्थ असतात. युरोपनं २०१४ पासून धुरी दिलेल्या माशाला किलोला २ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, आधी ५ होती. आपल्याला युरोपला पाठवायचं नाही पण खाणार आपलीच पोरं ना.

म्हणून सेनेगलमध्ये थियारॉयच्या मत्स्य प्रशिक्षण केंद्रात एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संघटना) बरोबर त्याच चोरकोरला सुधारणा केल्या. निखाऱ्याची वेगळी पेटी, वर चरबी गोळा करणारा ट्रे, गरम हवा सगळीकडं सारखी पसरवणारा पत्रा, आणि धूर वेगळ्या ठिकाणी तयार करून आत सोडायचा. म्हणजे शिजवणं-सुकवणं निखाऱ्यावर (तेव्हा धूर जवळपास नाहीच) आणि धुरी शेवटी थोडा वेळ वेगळी. तुम्हाला हे सगळं नको, पण दोन गोष्टी घरच्या घरी होतात. ट्रेच्या खाली, जाळापासून फूटभर वर एक पत्रा तिरका बसवा, कडेनं हवा जायला चार-चार बोटं मोकळी, चरबी घसरत बाहेर लावलेल्या डब्यात पडू दे. आणि लाकूड बाहेर पेटवून निखारे झाल्यावरच आत ढकला. ज्वाळ दिसली की पाणी शिंपडू नका, राख उडून माशावर बसते, तोंडावर पत्रा लावून हवा कमी करा.

पंगस धरत असाल तर हा पत्रा पाहिजेच पाहिजे, त्याला चरबी फार. रोहूला कमी.

---

कॅम्प_कट्टा:

मंडळी सगळं ठीक, पण विकणार कुणाला? बेळगावचा माणूस मासा म्हणजे समुद्राचाच धरतो, कारवारचा नाहीतर मालवणचा. तळ्याचा रोहू म्हटला की "काटे लई" म्हणून पुढं जातो. त्यात धुरावरचा. आणि हिशोब केलाय का? एक किलो रोहूचं डोकं आतडी खवले गेले की ६००-६५० ग्रॅम राहतो, मऊ धुरी दिली तरी अजून पाव भाग वजन जातं, म्हणजे हातात ४५० धरा. आज तो किलो ताजा ९०-१०० ला जात असेल तर धुरावरचा किलो नुसत्या माशालाच २००-२२० ला पडतो. वर लाकूड मीठ बर्फ पाकीट आणि तुमची दोन माणसं दिवसभर डोळे चोळत बसलेली. ३५० च्या खाली विकला तर व्यापाऱ्याला ताजा दिलेला बरा. कडक केला तर अजून निम्मं वजन उडतं. मी नाउमेद करत नाही, आकडे सांगतो.

---

घटप्रभा_आक्का:

आकडे बरोबर आहेत दादा, पण तुम्ही एप्रिलचा भाव धरलाय. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली ट्रॉलर बंदी असते, कर्नाटकात पण आणि गोव्यात पण. त्या दोन महिन्यात कॅम्पातल्या मार्केटमध्ये काय भाव असतो आणि काय दर्जाचा मासा असतो ते तुम्हीच सांगा. तेव्हाच लोक सुकटीकडं वळतात. आमचा निम्मा माल आषाढात जातो, गटारीपर्यंत. मग श्रावण लागला की कोणी विचारत नाही, महिनाभर हात बांधून बसायचं. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये करून जूनला काढायचं असं गणित बसवलं तरच परवडतं.

काट्याचं म्हणाल तर ते खरं. कडक केलेल्यात काटे कमी जाणवतात, चटणी-भुकणी केली तर नाहीच. आम्ही छोटा मासा (जो व्यापारी बाजूला टाकतो तोच) कडक करून कुटून लसूण-लाल मिरची घालून विकतो, डब्यात भरून. त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, वजन गेल्याचं दुःख तिथं भरून निघतं.

---

दूधगंगाकाठ:

निपाणी साईड. आमच्या आजीच्या वेळेला हे सगळं होतंच की, पहिल्या पावसात चढणीचे मासे आले की ओहोळात बुट्टीनं धरायचे, आणि चुलीवर तारेला अडकवून ठेवायचे. महिनाभर चूल पेटतेच त्यामुळं ते आपोआप वाळायचे. थर्मामीटर नव्हता काही नव्हतं. कशाला एवढं घाबरवताय लोकांना?

---

गोवा_लाईन:

अण्णा, आजीचा मासा बोटाएवढा होता आणि चूल रोज दोन वेळा पेटत होती. तो आतपर्यंत कोरडा व्हायचा म्हणून काही झालं नाही. इथं किलोभराचा कटला आहे, आणि तो पिशवीत बंद करून विकायचा आहे अनोळखी माणसाला.

त्यावरनंच सांगतो, हल्ली सगळ्यांना व्हॅक्युम पॅकिंगचं वेड लागलंय, मशीन पण स्वस्त झाली. मऊ मासा व्हॅक्युम करून दुकानाच्या काउंटरवर ठेवू नका, कधीच नाही. हवा काढली की बुरशी येत नाही हे खरं, पण हवा नसताना वाढणारा एक जंतू असतो, बोट्युलिनम, त्याचं विष म्हणजे थेट लकवा आणि मरण. मासा दिसायला वास घ्यायला एकदम चांगला असतो, कळतच नाही. बुरशी आलेला माल निदान दिसतो तरी. मऊ माल व्हॅक्युम केला तर उणे १८ ला गोठवून, आणि पाकिटावर "गोठवून ठेवा, फ्रीजमध्ये वितळवा" लिहून. मी स्वतः काउंटरवरची पाकिटं परत पाठवलीत, भांडण झालं तरी चालेल.

फूड लायसन्सचं छोटं रजिस्ट्रेशन ऑनलाईन होतं, ते काढून घ्या, हॉटेलवाले पहिला प्रश्न तोच विचारतात. आणि कोणी थाई मांगूर धुरीला आणून दिला तर घेऊ नका, २००० सालापासून बंदी आहे त्याच्यावर, तरी गुपचूप चालू असतं.

---

खानापुरी_तळं:

कॅम्प_कट्टा तुमचा हिशोब घरी वाचून दाखवला, वडील म्हणाले हा माणूस बरोबर बोलतोय 😅. तरी आक्कांचं जूनचं गणित पटलं. मोठा कटला ताजाच देणार, अर्ध्या किलोच्या आतला रोहू आणि बारका सायप्रिनस तेवढा धुरावर. मे मध्ये कडक करून ठेवायचा. पण खानापूरचा पाऊस माहीत आहे तुम्हाला, जूनला भिंतीला बुरशी येते तिथं मासा कसा राहणार? आणि कुठं शिकायला मिळतं का? सबसिडी बद्दल विचारायला गेलो तर फॉर्म सगळा कन्नडमध्ये, साहेब जेवायला गेलेले, परत या म्हणाले.

---

घटप्रभा_आक्का:

फॉर्म पोरांकडून भरून घ्यायचा, आम्ही तेच केलं, त्यात काय लाजायचं. मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारणला ४० टक्के आणि महिला, एससी, एसटीला ६० टक्के अनुदान आहे, म्हणून प्रकल्प वहिनींच्या नावानं टाका. पण अनुदान येईल म्हणून भट्टी थांबवू नका, विटा-मातीची भट्टी आहे ती, पदरच्या पैशात होते. शिकायला पहिलं केव्हीकेमध्ये (कृषी विज्ञान केंद्र) विचारा, जिल्ह्यात मत्तीकोपला आणि तुक्कानट्टीला आहे. मंगळूरचं फिशरीज कॉलेज आणि कोचीची सिफ्ट (केंद्र सरकारची मासेमारी तंत्रज्ञान संस्था) या दोन जागा खऱ्या माशाच्या, सिफ्टची स्वतःची सामूहिक धुराची भट्टी पण आहे, कोफिस्की म्हणतात तिला. गट करून गेलात तर जास्त ऐकून घेतात असा आमचा अनुभव.

पावसाचं: पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा, तळाला कागद, मासा पूर्ण गार आणि पूर्ण कोरडा. लहान पाकिटं करून आत ठेवा म्हणजे एक काढताना सगळ्याला हवा लागत नाही. आणि दर आठ-दहा दिवसांनी एक मासा मोडून बघायचा. वाकला, मोडला नाही, तर ओल धरलीय, सगळा घाणा परत भट्टीवर तासभर मंद आचेवर. किडे (ते बारके काळे, आळ्या केसाळ) दिसले तर पण तेच, पण मग तो माल विकायचा नाही, कोंबड्यांना. औषध फवारायचं नाव काढू नका, काही ठिकाणी करतात म्हणून सांगते.

---

चंदगडी_गडी:

भट्टी वाऱ्याच्या उलट्या बाजूला तोंड करून बांधा आणि वर पत्र्याची शेड घाला, चारी बाजू मोकळ्या. घराला लागून तर अजिबात नको, आमच्या शेजारी एकानं परसात बांधली तर त्याच्या आईला खोकल्यानं दवाखाना गाठावा लागला.

भिंतीला आतून शेणमाती सारवा, आठ दिवस नुसता बारका जाळ घालून वाळवा, लगेच मोठा जाळ केला की तडे जातात. मे च्या पहिल्या आठवड्यात मी तसा पण खानापूरला येणाराय मेव्हण्याकडं. विटा आणून ठेवा, साधारण अडीचशे लागतील, वाया जाणाऱ्या धरून.

---

खानापुरी_तळं:

या की. मासे घालायच्या आधी नुसता जाळ करून बघू, मोबाईल नंबर मेसेज केलाय. सोडणांसाठी नारळवाल्याला सांगून ठेवलं, तो पोत्याला वीस रुपये म्हणतोय, जास्त वाटतं का?

---

चंदगडी_गडी:

जास्त नाही, पण भरलेलं पोतं बघून घ्या, वरनं भरतात आणि खाली करवंट्या.